कठड्यावरचे हात

कर्टिसने तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, जरासा दाबला आणि म्हणाला, "आलीस, बरं वाटलं. सांभाळून जा हं, पोरी." मग तो पुढच्या माणसाकडे वळला. झालं ते एवढंच. जनीनचा हात मैदानाभोवतीच्या कठड्याच्या पलीकडे तसाच राहून गेला. त्या हातावर कर्टिसच्या हाताचा चिखल आणि घाम होता. शेजारच्या जाड्या गृहस्थालाही तोच दाब मिळाला, तेच शब्द मिळाले, फक्त 'आलीस'च्या जागी 'आलात'. मागच्या पायरीवरून एक बाई म्हणाली, "बघ, बघ! हुबेहूब नेव. बापाचा आवाजसुद्धा उचललाय पठ्ठ्यानं." आजूबाजूचे हसले, म्हणून जनीनही हसली. गावाचा क्लब रग्बीचा सामना हरला होता, पण थोडक्यात, आणि मोठ्या क्लबाशी. त्यामुळे लोक खुशीत नसले तरी रागात नव्हते. हसून झाल्यावर तिला मनगटापासून गार वाटायला लागलं. कर्टिस तिचा सख्खा भाऊ होता. सात वर्षांनी धाकटा. त्याला बुटांच्या नाड्या बांधायला तिने शिकवलं होतं. तो तिला जनीन म्हणायचा, काही हवं असलं की जॅन म्हणायचा, चिडला की मास्तरीणबाई म्हणायचा. पोरी असं तो तिला कधीच म्हणाला नव्हता. तो शब्द कठड्यावरच्या लोकांसाठी होता. ज्यांचं नाव आपल्याला माहीत नसतं आणि ते त्यांना कळू द्यायचं नसतं, अशांसाठी.

तो पुढे सरकत राहिला. कठड्याला लागून, एकेक हात घेत, वाकून, मान डोलवत. पाठीवरचा आकडा चिखलाने अर्धा बुजला होता. त्याच्यामागून येणाऱ्या खेळाडूंनी तिच्याशी हात मिळवले, एकाने तर "जनीन, कशी आहेस गं?" असं नाव घेऊन विचारलं, आणि तिने काय उत्तर दिलं ते तिला नंतर आठवलं नाही. ती कर्टिसकडे बघत होती. तो कोपऱ्यापाशी पोचला, वळला, गोलमागच्या पोरांशी बोलला. एका पोराच्या डोक्यावर त्याने टपली मारली. सगळं नेहमीसारखं होतं. तिला वाटलं, थट्टा केली असेल. बाबांची जागा, बाबांचा करडा कोट तिच्या अंगावर, बाबा गेल्यावर ती पहिल्यांदाच मैदानावर आलेली. त्याने बाबांची नक्कल केली असेल. लहानपणापासून तो करतोच. पण नक्कल करणारा माणूस नक्कल झाल्यावर तुमच्याकडे एकदा तरी बघतो. जमलं का, हे तुमच्या चेहऱ्यावर शोधतो. कर्टिसने तिच्याकडे बघितलं होतं ते आधीच, हात घेताना. ती नजर तिच्या चेहऱ्यावर येऊन टेकली होती, हसली होती आणि उचलली गेली होती. आत कुठेही गेली नव्हती.

ती वेकफील्डमधल्या एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर अंधाऱ्या खोलीत लोकांच्या हनुवट्या एका पट्टीवर टेकवायच्या आणि त्यांच्या बुबुळांच्या आत बारीक उजेड सोडायचा. आतलं सगळं दिसायचं. तांबूस पडदा, त्यावरच्या झाडाच्या फांद्यांसारख्या रक्तवाहिन्या, आणि जिथून सगळ्या तारा मेंदूकडे जातात तो पिवळट गोल. तिथून पुढचं दिसत नाही. समोरचा माणूस कोण आहे हे जिथे कळतं ती जागा त्या गोलाच्या मागे कुठेतरी असते, आणि तिथे तिचा उजेड पोचत नसे. बाबांचे डोळे तिने शेवटच्या वर्षांत कितीदा तरी तपासले होते. नजर उत्तम होती. खालची बारीक ओळसुद्धा ते खड्या आवाजात वाचायचे. ओळ वाचून झाली की उठायचे, हात पुढे करायचे आणि म्हणायचे, "आलीस, बरं वाटलं. सांभाळून जा हं, पोरी."

मैदानावरून घरी येताना ती सामना परत आठवत होती. उत्तरार्धात, चेंडू घेऊन कर्टिस समोरच्या तिघांवर धावून गेला होता, आणि तिघांनी मिळून त्याला उलटा आपटला होता. तो उठायला वेळ लागला होता. एक तळवा गवतावर टेकून, डोकं खाली घालून तो थोडा वेळ राहिला, एखादी पडलेली वस्तू शोधत असल्यासारखा. क्लबची मलमपट्टी करणारी पॉला धावत आत गेली. तिने काही विचारलं, त्याने काही सांगितलं, तिला हाताने बाजूला केलं, आणि तो उभा राहिला तेव्हा सगळ्या पायऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. जनीननेही वाजवल्या होत्या. तिला आपले तळवे आठवले. टाळ्या वाजवणारे, बाबांच्या कोटाच्या लांब बाह्यांतून अर्धे बाहेर आलेले.

नेव्हिल ऑल्डरसनची पोर म्हणून गाव तिला ओळखायचं, आणि कर्टिसला नेव्हिलचा पोर म्हणून. बाबा तरणेपणी खाणीत होते आणि शनिवार-रविवारी खेळायचे. त्या वेळी सामना संपल्यावर कठड्यापाशी जाण्याचा रिवाज कुणी ठरवून सुरू केला नव्हता. आत खेळणारे आणि बाहेर उभे राहणारे सोमवारी एकाच पाळण्यातून खाणीत खाली उतरायचे. बाबा सांगायचे, पाळी संपून वर आलं की प्रत्येकजण शेजाऱ्याच्या काळ्या तोंडाकडे एकदा बघायचा. कोण वर आलंय, कोण नाही. तसंच ते. मग खाण बंद पडली, माणसं गोदामांत, बसवर, दुसऱ्या गावांत पांगली, आणि कठडा तेवढा राहिला. बाबा कधीही कठडा चुकवत नसत. हरले तरी, थंडीत ओठ निळे पडले तरी, नाक मोडलं तरी. "लोक आलेत ना," एवढंच म्हणायचे. निवृत्त झाल्यावर ते पलीकडे गेले, दुसऱ्या आणि तिसऱ्या खांबाच्या मधे उभे राहू लागले आणि पोरांचे हात हातात घेऊ लागले. सत्तावन्नाव्या वर्षी त्यांना शुश्रूषागृहात ठेवावं लागलं तेव्हा तिथल्या जेवणघरातही ते कठड्याचीच फेरी करायचे. डाव्या दारापासून सुरुवात, प्रत्येक टेबलापाशी थांबायचं, प्रत्येक म्हाताऱ्याचा हात दोन्ही हातांत घ्यायचा, बरं वाटलं, सांभाळून जा. फेरी पुरी झाली की पहिल्या टेबलापाशी येऊन पुन्हा सुरू. ताटातलं मटण आणि बटाटे गार होऊन जायचे. तिथल्या बायका म्हणायच्या, "किती लाघवी माणूस गं तुझा बाप! एवढं विसरला, पण रीत विसरला नाही." जनीन हसून हो म्हणायची. फेरीत तीही एक टेबल होती. ती वाट बघायची. हात हातात आल्यापासून पहिला शब्द फुटेपर्यंत एक अंतर असायचं, श्वासाएवढं, आणि त्या अंतरात तिला दर वेळी वाटायचं, आज नाव येईल. आलं नाही. सुरुवातीला ती सांगायची, "बाबा, मी जनीन." मग ते इतक्या अदबीने म्हणायचे, "हो तर, ओळखतो ना मी तुला," की तिलाच लाज वाटायची, आपण एका परक्या सभ्य माणसाला अडचणीत आणल्यासारखी. पुढे तिने सांगणं सोडून दिलं.

सोमवारी कर्टिस तिच्याकडे जेवायला आला. दर सोमवारी येतो. दारातून आत येताच त्याने नेहमीसारखं बूट न काढता स्वयंपाकघर गाठलं आणि पातेल्याचं झाकण उचललं. तिने पाठमोरी असतानाच, सहज विचारल्यासारखं विचारलं, "काल कठड्यावर काय रे ते? पोरी म्हणे."

झाकण क्षणभर हवेत राहिलं. मग तो म्हणाला, "थट्टा गं. बाबांची नक्कल. हसली नाहीस?"

"हसले की."

"मग झालं तर. वाटाणे शिजलेत का हे, का तुझ्या दुकानातल्या काचा आहेत?"

ती हसली. तोही हसला. जेवताना तो खूप बोलला. क्लबच्या नव्या व्यवस्थापकाबद्दल, प्रेन्टिसबद्दल. मागच्या महिन्यात हरल्यावर कठड्यावरून कुणीतरी एका कोवळ्या खेळाडूच्या तोंडावर थुंकलं होतं आणि प्रेन्टिसने ठरवलं होतं की आता सामना संपला की सगळ्यांनी सरळ आत जायचं. गावाने बोंब मारली, म्हणून बुधवारी संध्याकाळी क्लबात सभा होती. खेळाडूंच्या वतीने कर्टिसने बसायचं होतं. "मी काय बोलणार? मी म्हणणार, तुम्ही सांगाल तसं. पगार चेंडू मारायचा मिळतो, तोंड मारायचा नाही." ती त्याच्या बोलण्यापेक्षा बोलण्याच्या मधल्या जागा ऐकत होती. एका शब्दापाशी तो अडला. कुठला ते तिने मनात टिपून ठेवलं. मीठ हातापाशी असताना त्याने मीठ मागितलं. जाताना किल्ल्या विसरला आणि परत आला. पण किल्ल्या तो दहावीतही विसरायचा, आणि मीठ बाबांच्या घरात कधी कुणाला दिसायचंच नाही. भीतीला काही नवं लागत नाही, तिला जुन्याच गोष्टी पुरतात, असं तिच्या मनात आलं. कालपर्यंत जो तिचा विसराळू, गबाळा, लाडका भाऊ होता, त्याच्यातली एकेक लकब आता अंधाऱ्या खोलीत पट्टीवर हनुवटी टेकवून बसली होती. दारात तिने विचारलं, "येत्या शनिवारी कुणाशी आहे रे?"

त्याने वळून बघितलं. "चाचणी घेतेस काय माझी, मास्तरीणबाई?"

"नाही रे. मला यायचंय म्हणून."

"मग छापलेलं असतं, वाच," तो म्हणाला आणि गेला. गाडी सुरू व्हायला वेळ लागला. पडद्याआडून ती बघत राहिली. तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून नुसता बसला होता. मग दिवे लागले आणि तो गेला.

मंगळवारी दुकानात क्लिफ हेग आला. बाबांचा खाणीतला सोबती, क्लिफकाका. ऐंशीच्या घरातला, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, आणि तो काढून घ्यायला तयार नसलेला. "एका डोळ्यानं अर्धाच पराभव दिसतो," तो म्हणायचा. हनुवटी पट्टीवर ठेवूनही त्याचं तोंड चालू होतं. "उद्या तू बोलायचंस बरं का. नेवची पोर बोलली की त्या प्रेन्टिसची दातखीळ बसेल. सूट घालून येतो लेकाचा मैदानावर, जसं काही अंत्ययात्रेला."

"काका, वर बघा. बोलू नका."

"बोलू नको तर काय करू? कठडा बंद म्हणजे काय गं! मग आम्ही यायचं कशाला, घरी पडद्यावर दिसतोच की खेळ. मी माझ्या सगळ्या जन्मात या गावातल्या मोठ्या माणसाचा हात हातात घेतला असेल तर तो तिथेच. दुसरीकडे कोण देतो हात?"

"आणि थुंकले त्याचं काय?"

"तो थुंकणारा सापडू दे मला," क्लिफकाका म्हणाला. मग जरा वेळाने, गंभीर होऊन, "तुझा बाप काय माणूस होता, जनीन. त्या सामन्यात डोक्याला लागून शुद्ध नव्हती, पण हात चुकवला नाही."

तिने त्याच्या डोळ्यातला उजेड बाजूला केला. हे वाक्य तिने शंभरदा ऐकलं होतं. अंत्यविधीच्या दिवशी, चर्चबाहेर, सॅन्डविच खाता खाता दोघातिघांनी ते म्हटलं होतं आणि तिने मान डोलावली होती. "काका," ती म्हणाली, "परवा कर्टिसला लागलं तेव्हा तुम्ही होतात ना? नंतर त्यानं तुमचा हात घेतला?"

"घेतला तर! सोडतो काय?"

"नावानं बोलला?"

"नावानं कशाला बोलेल? ओळखतो तो मला," क्लिफकाका म्हणाला, आणि आपल्या चांगल्या डोळ्याने तिच्याकडे बघत राहिला, जरा जास्तच वेळ.

त्या रात्री झोप लागेपर्यंत तिने स्वतःशी पुष्कळ वाद घातला. पॉलाला फोन करावा. काय सांगावं? भावाने मला पोरी म्हटलं. पॉला हसेल. आणि हसली नाही तर? तर कर्टिसला संघाबाहेर बसवतील, तपासतील, कदाचित कायमचं बसवतील. हा खेळ सोडून त्याला दुसरं काही येत नाही, आणि तो म्हणेल, एका थट्टेपायी बहिणीने माझ्या तोंडचा घास काढला. आई दोघं लहान असतानाच गेली होती. बाबा गेले. आता रागावून निघून जाण्यासारखं तिच्याजवळ एवढंच एक माणूस उरलं होतं. मग तिला वाटलं, सगळा दोष त्या कठड्याचाच आहे. तो नसता तर बाबा त्या वेळी मार लागल्यावर सरळ आत गेले असते, कुणी डोक्याला बर्फ लावला असता, कुणी विचारलं असतं. प्रेन्टिसचं बरोबर आहे. बंद करा ते. उद्या आपण तसंच सांगायचं, असं तिने ठरवलं.

बुधवारी क्लबच्या वरच्या दालनात बसायला जागा नव्हती. खिडक्यांतून मैदान दिसत होतं, रिकामं, उन्हाच्या शेवटच्या तिरिपेत गवत अगदी कोवळं. प्रेन्टिस नम्रपणे बोलला. खेळाडू म्हणजे कुणाची मालमत्ता नव्हे, खेळून दमलेल्या माणसाला लगेच उपचार मिळायला हवेत, लोकांना भेटणं हे त्याच्या कामात बसत नाही. एक तरुण बाई उठून म्हणाली, थुंकी झेललेला पोरगा तिचा भाचा आहे आणि तो दोन आठवडे घराबाहेर पडत नव्हता, तेव्हा रीत गेली खड्ड्यात. तिला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण कुणी अडवलंही नाही. मागून एकजण ओरडला, "साहेब, आम्ही हात मागतो, मूत्रपिंड नाही!" हशा झाला. कर्टिस पुढच्या टेबलामागे क्लबच्या निळ्या कपड्यांत बसला होता. त्याला विचारलं तेव्हा तो ठरल्याप्रमाणे म्हणाला, "तुम्ही सांगाल तसं." आणि मग क्लिफकाका उठला, काठी समोरच्या खुर्चीच्या पाठीला अडकवली आणि सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट सांगू लागला.

उपांत्य सामन्याची गोष्ट. नेवच्या डोक्यावर कुणाचातरी गुडघा आदळला होता, भुवई उघडली होती, पण बदलीला माणूस उरला नव्हता म्हणून तो शेवटपर्यंत खेळला. आणि शिट्टी वाजल्यावर? "आत गेला? अहो, कुठला दिवस आहे ते त्याला सांगता येत नव्हतं! गुण विचारले तर म्हणाला, कसले गुण? पण कठडा सोडला नाही. इकडून तिकडे, सगळा. रक्त गळतंय आणि हा हात देतोय. आणि मजा ऐका. इथं, दुसऱ्या खांबापाशी, मी याच्या पोरीला खांद्यावर घेऊन उभा. एवढीशी होती, सात-आठ वर्षांची. नेव आला, तिचा हात घेतला आणि म्हणतो कसा, आलीस, बरं वाटलं, सांभाळून जा हं, पोरी! स्वतःच्या पोरीला! आणि गेला की पुढे!"

दालन हसलं. प्रेमाने, भरभरून, जसं गेली तीस वर्षं हसत होतं. जनीनही या गोष्टीला नेहमी हसत आली होती. ती तिचीच गोष्ट होती, शाळेत तिने ती स्वतः सांगितली होती. पण आता हशाच्या मध्ये बसून तिला खांद्यावरची ती उंची आठवली. क्लिफकाकाच्या टोपीला येणारा तंबाखूचा वास आठवला. खालून वर आलेला बाबांचा चेहरा, एका बाजूने लाल, आणि त्यातले ते दोन डोळे, हसरे, येऊन टेकणारे आणि उचलले जाणारे. तिने "बाबा" म्हणून हाक मारली होती. हे कुणाच्याच गोष्टीत नव्हतं. तिने हाक मारली होती, आणि ते पुढच्या माणसाशी बोलत होते, आणि आजूबाजूचे हसले म्हणून तीही हसली होती. जेवणघरातल्या त्या फेऱ्यांची सुरुवात तिथे होती, तिच्या डोळ्यांदेखत, आणि सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या होत्या.

तिने पुढच्या टेबलाकडे बघितलं. सगळं दालन हसत असताना कर्टिस हसत नव्हता. तो स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता. तळवा वर करून, बोटं किंचित मिटून, त्यात काहीतरी होतं आणि कुणीतरी काढून नेलं असं.

"बोल गं जनीन," क्लिफकाका म्हणाला. "सांग त्यांना."

ती उभी राहिली. ठरवलेलं सगळं घशाशी होतं, आणि नेमकं तेव्हाच तिच्या लक्षात आलं की रविवारी कर्टिस सरळ आत गेला असता तर आपल्याला काहीच कळलं नसतं. पॉलाला कळलं नाही, क्लबच्या डॉक्टरला कळलं नाही. कठड्यावर कळलं. "त्या खांद्यावर मी होते," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा बारीक आला. "काकांनी सांगितलं ते सगळं खरं आहे. फक्त एक राहिलं. बाबांनी मला ओळखलं नव्हतं."

काहीजण अजून हसत होते, ते थांबले.

"पुढे शेवटची पाच वर्षं ते मला तेच वाक्य म्हणायचे. रोज."  खाली बघून तिने कोटाची गुंडी लावली, काढली.

"म्हणजे बंद करा म्हणतेस का तू?" मागून कुणीतरी, हळू आवाजात विचारलं.

"नाही. येऊ देत त्यांना. पण हात हातात आला की तोंडाकडे बघा त्यांच्या. आपण सगळे त्या दिवशी हातच बघत होतो." आणि मग, कुणाकडेही न बघता, "पाळी संपून वर आलं की बघायचे तसं."

क्लिफकाका खाली बसला. काठी घसरून पडली ती त्याने उचलली नाही. त्याचे ओठ हलत होते. "खांद्यावर होती," तो शेजाऱ्याला पुन्हा पुन्हा म्हणत होता, "माझ्याच खांद्यावर होती की."

मग मतं झाली, हात वर झाले, रीत राहिली; प्रेन्टिसने दर वेळी कठड्याच्या फेरीत खेळाडूंसोबत डॉक्टर असेल असं कबूल केलं. जनीनने ते निम्मंशिम्मं ऐकलं. ती जिना उतरून मैदानात आली, कठड्यापाशी. हिरवा रंग जागोजाग उडाला होता आणि बाबांच्या जागेवर तर पार लोखंड दिसत होतं. मागून बुटांचा आवाज आला. कर्टिस येऊन तिच्या शेजारी उभा राहिला, प्रेक्षकांच्या बाजूला. दोघं समोर बघत राहिली.

"जॅन," तो म्हणाला. "रविवारी तू आली होतीस?"

तिने कठडा घट्ट धरला.

"सोमवारी तू विचारलंस ना, कठड्यावर काय रे ते, तेव्हा कळलं मला तू आली होतीस म्हणून. थट्टा म्हटलं. सुचलं ते म्हटलं." तो कठड्यावर रेलला. "पॉलाने मैदानाचं नाव विचारलं. ते सांगितलं बरोबर. ते कुणी विसरतं का? मग नंतर मी घरी, अंघोळ झालेली, केस ओले. मधलं नाहीच. मला वाटलं, होतं असं. सगळ्यांचं होतं."

"आधी झालंय?"

 खांबावरच्या उडालेल्या रंगाचा एक पोपडा त्याने नखाने काढला. एवढा मोठा माणूस, तीस वर्षांचा, दारातून आत येताना वाकावं लागणारा, आणि तो पोपडा बोटांत चुरत होता. तिला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण त्यांच्या घरात तशी पद्धत नव्हती.

"आणखी एक हंगाम झाला असता तर पुढचा करार होता," तो म्हणाला. आणि मग एकदम, लहान असताना अंधारात विचारायचा तशा आवाजात, "बाबांसारखं होईल का गं?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. खोटं बोलणं तिला सहज जमलं असतं. "चल. पॉला अजून आत आहे."

"तू सांग. मला नाही सांगता येणार."

"तू सांगायचंस. मी उभी राहीन शेजारी."

त्याला संघाबाहेर बसवलं. किती दिवस, ते कुणी नक्की सांगेना. मेंदूची चित्रं काढली, त्यात काही दिसलं नाही, आणि डॉक्टर म्हणाले की काही न दिसण्याचा अर्थ काही नसणं असा होत नाही. हे वाक्य जनीन स्वतः पेशंटना सांगत आली होती. कर्टिस दोन दिवस तिच्याशी बोलला नाही, तिसऱ्या दिवशी न सांगता जेवायला आला आणि वाटाण्यांना नावं ठेवली. बाबांचं घर विकायचं का, ड्रायव्हिंग शिकवायचा परवाना काढावा का, असं काहीबाही तो बोलू लागला. आणि ती ऐकत होती, मधल्या जागांसकट. आता तिला दुसरं काही ऐकूच येत नसे.

घरच्या मैदानावरच्या पुढच्या सामन्याला ती गेली. बाबांचा कोट घालून, दुसऱ्या आणि तिसऱ्या खांबाच्या मधे. शेजारी क्लिफकाका, त्याच्या डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती. त्याने शेवटी मोतीबिंदू काढून घेतला होता आणि त्याबद्दल कुणाला अवाक्षर बोलू देत नव्हता. क्लब जिंकला. शिट्टी वाजल्यावर खेळाडू कठड्याकडे आले, आणि तिला दिसलं की लोक हात पुढे करत होते खरे, पण बघत होते वर, ओशाळवाणे, डोळ्यांत. आणि पोरांना त्याची इतकी सवय नव्हती की काहीजण लाजून हसत होते. सगळ्यात शेवटी कर्टिस आला. साध्या जाकिटात, बूट कोरे, त्यामुळे गवतावर तो पाहुण्यासारखा चालत होता. डाव्या टोकापासून त्याने सुरुवात केली. एकेक हात, एकेक माणूस. जवळ येत होता. जनीनला त्याचा आवाज ऐकू येत नव्हता, फक्त ओठ दिसत होते, आणि ते ओठ प्रत्येकापाशी तेवढेच, त्याच मापाने हलत होते असं तिला वाटलं. तिला पळून जावंसं वाटलं. चार माणसं उरली, तीन उरली. क्लिफकाकाचा हात त्याने घेतला, काहीतरी म्हणाला, म्हातारा हसला. मग तो तिच्यासमोर उभा राहिला आणि त्याने तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

हात गरम होता, कोरडा होता. त्याने दाबला. नजर तिच्या चेहऱ्यावर येऊन टेकली.

ते अंतर आलं. तिला ते फार ओळखीचं होतं. पाच वर्षं ती त्यात राहिली होती, सात वर्षांची असताना एका खांद्यावर बसून ती त्यात पहिल्यांदा गेली होती. मैदानावरचा आवाज दूर गेला. तिने त्याचे डोळे बघितले, बुबुळं, त्यामागचा अंधार, जिथे तिचा उजेड पोचत नाही.

"जनीन," तो म्हणाला. मग तिच्या मनगटाकडे बघून, "बाबांच्या कोटाची बाही उसवलीये गं. शिवून घे की."

"घेते," ती म्हणाली.

तो पुढच्या माणसाकडे वळला. तिचा हात कठड्यावर राहिला, आणि थोड्या वेळाने तिला कळलं की आपण अजून श्वास सोडलेला नाही. सोमवारी तो जेवायला येईल तेव्हा दार उघडताना, आणि त्याच्या पुढच्या सोमवारी, आणि दोघं म्हातारी होतील तेव्हाही, तो तोंड उघडेपर्यंत श्वास असाच धरावा लागणार आहे.